रायगड किनाऱ्यावरील ब्रास बँड आणि युफोनियम

तुतारी व शिंग या वाद्यांना झडपा नसल्याने त्यांतून मोजकेच स्वर निघतात. १८१८ मध्ये प्रशियात झडपांचे पेटंट घेतले गेले आणि १८४० च्या दशकात खर्जाचे युफोनियम घडले. ब्रिटिश लष्करी बँडबरोबर ते भारतात आले. मेरठच्या नादिर अली आणि कंपनीने (स्थापना १८८५) पुढे बँडवाद्यांची निर्मिती येथेच सुरू केली. पाश्चात्त्य बँडमध्ये युफोनियम बहुधा मुख्य सुरावटीला पूरक स्वर देते. रायगड किनाऱ्यावरील कोळी लग्नगीतांत मात्र एकच चाल सर्वजण गातात. त्यामुळे वरातीतील बँडमध्ये ते तीच चाल खालच्या सप्तकात वाजविते. वाद्य परके, उपयोग स्थानिक, असा हा सांस्कृतिक स्वीकार आहे. ध्वनिवर्धकांमुळे बँड मागे पडत असताना ज्येष्ठ वादकांच्या आठवणींचे संकलन अगत्याचे ठरते.