जुन्या वाड्याचे बाह्यरूप

मुळाकाठच्या राहुरी गावातील एका परिचित कुटुंबाने आपल्या वडिलार्जित वाड्याचा दर्शनी भाग पूर्ववत् करण्याचे योजिले आहे. पुढच्या भिंतीस मागील पिढीत सिमेंटचा गिलावा झाला, त्यावर तैलरंग चढला, आणि ओट्यावर लोखंडी पत्र्याची पडवी आली. हे सर्व काढून वाड्यास त्याचे मूळ रूप द्यावे, ही इच्छा स्तुत्य होय. परंतु हे मूळ रूप कोणते, या प्रश्नाशी घरातील मंडळी अडली. तरुणांस दर्शनी बाजूस कोरीव महिरपी, सुरूच्या आकाराचे खांब आणि वर सज्जा असा 'पेशवाई थाट' हवा आहे. घरातील वृद्ध बाईंचे म्हणणे असे की, आपल्या वाड्याच्या पुढच्या भिंतीस कधी धड खिडकीसुद्धा नव्हती, मग सज्जा कोठून येणार? त्यांनी आमचे मत विचारले. प्रश्न एका घराचा असला तरी तो पुष्कळ घरांचा आहे, म्हणून त्याचे उत्तर येथे चार लोकांसमक्ष देण्याचे आम्ही ठरविले.

आमच्या मते त्या वृद्ध बाईच इतिहासास अधिक जवळ आहेत. देशावरील वाडा रस्त्याकडे पाठ करून बसलेला असे. खाली घडीव दगडाचे जोते, वर विटांची किंवा पांढऱ्या मातीची जाड भिंत, मध्ये एक भक्कम दरवाजा व त्यात वाकून जाण्याजोगी दिंडी, आत देवडी, आणि मग चौक. कोरीव काम असेल तर ते या चौकाभोवती. तुळया, हस्त, केळफुले, गणेशपट्टी ही शोभा घरच्यांसाठी आणि पाहुण्यांसाठी. वाटसरूस तिचा मागमूसही लागू नये अशीच ती रचना. याच जिल्ह्यात, पारनेर तालुक्यातील पळशी येथे होळकरांचे दिवाण पळशीकर यांचा वाडा आहे. त्याचे सागवानी नक्षीकाम पाहावयाचे तर उंबरठा ओलांडून आत जावे लागते. गावाभोवती तट, आणि तटाच्या आत वाडा, अशी तेथे दुहेरी तजवीज आहे.

या बंद भिंतींचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. 1802 च्या ऑक्टोबरात हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. त्या धामधुमीत देशावरील गावेच्या गावे उजाड झाली. पुढील वर्षी ऑगस्टमध्ये वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला, आणि 1803–04 मध्ये या भागात घोर दुष्काळ पडला. ज्या काळी दाराशी येणारा स्वार कोणाचा, हे दार उघडेपर्यंत कळत नसे, त्या काळी रस्त्यावर सज्जा काढून बसण्याची हौस कोणास असणार? ती ओकीबोकी भिंत त्या काळच्या भयाची साक्ष आहे. तीवर महिरप चिकटविणे म्हणजे त्या साक्षीदाराचे तोंड बंद करणे होय.

मग हा 'पेशवाई थाट' आला कोठून? तो बव्हंशी पुण्याच्या विश्रामबागवाड्यावरून आला, असे म्हणावयास हरकत नाही. दुसऱ्या बाजीरावाने 1807 च्या सुमारास बांधून घेतलेल्या या वाड्याची दर्शनी बाजू रस्त्याकडे तोंड करून उभी आहे. तिचे कोरीव सुरूदार खांब व प्रवेशद्वारावरील सज्जा येणाऱ्याजाणाऱ्याने पाहावे म्हणूनच घडविलेले आहेत. 1730 मध्ये पाया घातलेल्या शनिवारवाड्याच्या तटबुरुजांशी याची तुलना करावी, म्हणजे शंभर वर्षांच्या आत केवढा पालट झाला तो ध्यानात येईल. परंतु या मोकळ्या मुखामागे कोणता निर्धास्तपणा होता? 31 डिसेंबर 1802 रोजी वसईचा तह झाला, आणि 1803 च्या मे महिन्यात इंग्रजांनी बाजीरावास पुन्हा गादीवर बसविले. ज्याच्या रक्षणाचा भार परक्या पलटणीने उचलला, त्याने रस्त्याकडे सज्जा काढला. ते सौंदर्य खरे आहे, पण ते उसन्या अभयाचे सौंदर्य आहे. राहुरीच्या गृहस्थांस ते उसने अभय नव्हते. म्हणून त्यांच्या घरास तो सज्जाही नव्हता.

शिवाय विश्रामबागवाड्याचे रूपही एकाच काळाचे नाही. पेशवाई 1818 मध्ये बुडाली. 1821 मध्ये त्या वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. 1879 च्या मे महिन्यात त्याला आग लागून काही भाग जळाला व तो पुढे पुन्हा उभारण्यात आला. त्यानंतर शाळा, नगरपालिकेची कचेरी, टपालघर, ग्रंथालय अशा नाना संस्थांनी त्यात वास केला. आज ज्यास आपण 'मूळ' म्हणतो, त्यात मागाहून आलेल्या हातांचाही वाटा असतो.

राहुरीकडेही असेच थर चढले. दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 मध्ये सुरू झाला आणि राहुरी त्या मार्गावर आली. लुटीचे भय ओसरले होते. पुष्कळ बंद भिंतींत गजांच्या खिडक्या निघाल्या, माळवदांच्या जागी कोठे मंगळुरी कौले आली, कोठे पत्रे आले. भिंत फोडून काढलेली अशी खिडकी 'मूळची नाही' म्हणून बुजवावी काय? आमचे उत्तर, मुळीच नाही. बंद भिंत भयाचा लेख असेल, तर ती खिडकी भय गेल्याचा लेख आहे. दोन्ही वाचता आले पाहिजेत.

हा वाद युरोपातही होऊन गेला आहे. फ्रान्सच्या व्हिओले-ल-द्यूकने जीर्ण इमारतींस असे पूर्णत्व द्यावयास आरंभ केला की, जे पूर्वी कदाचित कधीच नव्हते तेही त्यांच्या अंगी यावे. कार्कासॉनच्या बुरुजांवर त्याने घातलेली उत्तरेकडील पद्धतीची पाटीच्या दगडांची टोकदार छपरे त्या दक्षिण देशात परकी ठरली. इंग्लंडात रस्किनने 1849 मध्ये या पद्धतीचा कडक निषेध केला, आणि 1877 मध्ये विल्यम मॉरिसने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी मंडळी स्थापून 'नित्य डागडुजी करा, नवे सोंग चढवू नका' असा पक्ष मांडला. 1964 च्या व्हेनिस येथील जाहीरनाम्याने हाच विवेक सर्वमान्य केला: जेथे अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे.

आता प्रत्यक्ष कृतीविषयी. पहिली गोष्ट ही की, तोंड सजविण्याआधी डोके झाकावे. दर्शनी भिंत बहुधा वरून मुरणाऱ्या पाण्यानेच खचते. माळवदावरील पांढऱ्या मातीचा थर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी नीट करावा, त्यावरचे गवत उपटावे, पन्हळी मोकळ्या ठेवाव्यात, ही आपल्या आज्यापणज्यांची रीत होती. ती सुटली, म्हणून तुळयांची भिंतीत रुतलेली टोके कुजली.

दुसरी गोष्ट सिमेंटची. मातीची व चुन्याची भिंत ओल शोषते आणि वाऱ्याउन्हाने ती सोडते. सिमेंटच्या गिलाव्याने ही वाट बंद होते. ओल आत कोंडते, क्षार फुगतात, आणि बाहेरून तुकतुकीत दिसणारी भिंत आतून भुसभुशीत होते. तेव्हा तो गिलावा हलक्या हाताने, थोडा थोडा काढावा, व त्या जागी मुरविलेला चुना, वाळू आणि सुरखी यांचा गिलावा करावा. आपले जुने गवंडी चुन्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी घालीत आणि तो घाणीत मळीत. हे जाणणारा हात आज विरळा झाला आहे. तो सापडल्यास त्याच्याजवळ एक तरुण गवंडी शिकावयास ठेवावा. घराइतकीच ती विद्याही वाचविण्याजोगी आहे.

तिसरी गोष्ट लाकडाची. दरवाज्यावरील तैलरंग जाळून वा खरवडून काढू नये, नक्षीच्या कडा त्याबरोबर जातात. कुजलेला भाग तेवढा कापून जुन्या सागाचा सांधा द्यावा. सबंध खांब बदलू नये. आणि या सर्वांआधी भिंतीची प्रत्येक बाजू मोजून तिची छायाचित्रे काढून ठेवावीत, कारण एकदा उकललेला थर पुन्हा वाचता येत नाही.

कायद्याचा आधार येथे थोडा आहे. 1904 चा प्राचीन स्मारकांचा कायदा, 1960 चा महाराष्ट्राचा कायदा, 1995 ची मुंबईची वारसा-नियमावली, ही सारी निवडक वास्तूंसाठी व निवडक शहरांसाठी झाली. राहुरीच्या गल्लीतील साधा वाडा त्यांच्या छत्राखाली सहसा येत नाही. तो टिकतो किंवा पडतो तो घरच्यांच्या एकमतावर. वाटणी होते, एका भावास चौक मिळतो, दुसऱ्यास देवडी. मग कोरीव दरवाजा शहरातील व्यापाऱ्याच्या गाडीत चढतो, आणि उपाहारगृहांच्या भिंतींवर 'जुना थाट' म्हणून टांगला जातो. ज्या घरातून तो निघाला, तेथे मात्र लोखंडी फाटक येते. असे वाडे आम्ही एकाहून अधिक पाहिले आहेत.

म्हणून राहुरीच्या त्या कुटुंबास आमचे सांगणे एवढेच. सिमेंट काढा, पत्र्याची पडवी काढा, भिंतीस चुना द्या, दरवाजा सांधा, पन्हळी मोकळ्या करा. आगगाडीच्या काळातील ती खिडकी राहू द्या. महिरपींसाठी जो पैसा बाजूस ठेवला असेल, तो माळवदावर खर्च करा. काम संपल्यावर कदाचित शेजारी विचारतील की, एवढे करून नवीन काय केलेत? त्यांस दिंडीतून वाकून आत चौकात आणावे आणि तेथून उत्तर दाखवावे. घरातील त्या वृद्ध बाईंस आपल्या माहेरासासरच्या वाड्यांची जी आठवण आहे, ती मात्र आजच लिहून घ्यावी. भिंतीची डागडुजी पुढील वर्षीही होऊ शकेल, या कामास तेवढी मुदत नाही.