दासोपंतांची पासोडी आणि आमच्या ब्रँचेस

आमच्या अंबाजोगाईत दासोपंतांनी ‘पंचीकरण’ लांबलचक पासोडीवर लिहिलं. एक कापड, एक हात. फाटे फुटायचा प्रश्नच नव्हता. आमच्या टीमला ती चैन नाही. म्हणून गिटच्या ब्रँचेस कशा ठेवायच्या हे ठरवताना मला दासोपंतांचे समकालीन एकनाथ आठवले. 1290 ची ज्ञानेश्वरी नकलांमधून पसरली. पाठ बदलले, ओव्या घुसल्या. 1584 मध्ये एकनाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि यापुढे कुणी आपली ओवी घालू नये, असं बजावलं. मेन ब्रँचला कुलूपच ते! पण तोवर 294 वर्षं उलटली होती. मूळ शब्द कोणता, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. म्हणून आमचं ठरलं: ब्रँच दोन दिवसांत मर्ज करायची, तीही दुसऱ्याने वाचल्यावरच. नक्कल जितकी जुनी, तितकं ताडणं अवघड.