चिनी शिकायची, ती कशासाठी?

चिनी भाषेत पदवी घेतो असं एखाद्या मुलानं सांगितलं, की घरचे विचारतात, "पुढे नोकरी कुठे?" नव्वद वर्षांपूर्वी मात्र चिनी शिकण्यामागचं कारण वेगळं होतं. ते समजून घ्यायला पुण्यात यावं लागतं.

फर्ग्युसन कॉलेजात धर्मानंद कोसंबी पाली शिकवत. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट हे त्यांचे विद्यार्थी. आता बघा, 'विमुत्तिमग्ग' नावाचा बौद्ध साधनेवरचा एक ग्रंथ. त्याचं मूळ हरवलेलं. संपूर्ण ग्रंथ उरला तो सहाव्या शतकाच्या सुरुवातीच्या चिनी अनुवादात. म्हणजे आपलाच ग्रंथ वाचायला चिनी शिकणं आलं! बापट ती शिकले. त्या अनुवादाची पालीतल्या 'विसुद्धिमग्गा'शी त्यांनी केलेली तुलना १९३७ साली पुण्यात प्रसिद्ध झाली.

हे काम सोपं नव्हतं. जुन्या चिनी अनुवादकांनी काही शब्द उच्चारावरून घेतले, काही अर्थावरून. निर्वाणाचं झालं 'न्ये-फान', हा उच्चार. तथागताचं झालं 'रू-लाय', म्हणजे 'तसा आलेला', हा अर्थ. प्रत्येक शब्दाशी थांबून हे ओळखायचं. संस्कृत-पाली पक्की असल्याशिवाय ते जमत नाही. म्हणून आपले पंडित त्यात पुढे गेले.

पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ही चिनी होती अनुवादकांची, दीड हजार वर्षांपूर्वीची. तिकडे चीनमध्ये लू शुन यांनी १९१८ साली बोलीभाषेत 'वेड्याची रोजनिशी' ही कथा लिहून साहित्याचं वळणच बदललं होतं. १९३६ साली ते वारलेसुद्धा. आपण मात्र चिनी पानात आपलं हरवलेलं घर शोधत होतो. ते घर ज्यांनी जपलं, ते आज काय लिहितात, हे विचारायचं राहून गेलं.

अपवाद होता. त्याच १९३७ साली शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी चीन भवन उघडलं. प्रमुख होते तान युन-शान. तिथे चिनी माणूसच आपली भाषा शिकवत होता.

मग १९६२चं युद्ध आलं. १९६४ साली दिल्ली विद्यापीठात चिनी अभ्यासाचं केंद्र निघालं. शेजारी ओळखायची गरज आता भीतीतून आली होती. त्यानंतर व्यापार आला, दुभाषे लागू लागले.

म्हणजे आधी ग्रंथ, मग भीती, मग पगार. कारणं तिन्ही खरी आहेत. बापटांच्या कष्टांना तर नमस्कारच केला पाहिजे. पण तिन्हींत केंद्रस्थानी आपणच आहोत. एखादी चिनी कथा केवळ ती चांगली आहे म्हणून मुळातून वाचावी, हे चौथं कारण अजून आपल्या वर्गात नीट शिरलेलं नाही. पुढच्या वेळी कोणी मूल चिनी शिकतो म्हणालं, तर नोकरीचं जरूर विचारा. पण त्याआधी एवढंही विचारा, "वाचणार काय आहेस?"