गिटारचे वेष्टन व वाहतूक

गिटार हे तंतुवाद्य कुरिअर, टपाल, रेल्वे पार्सल किंवा विमानाने दूरवर पाठवताना त्याला इजा होऊ नये म्हणून जी पूर्वतयारी केली जाते, तिला गिटारचे वेष्टन असे म्हणतात. अकूस्टिक गिटारची वरची फळी साधारणपणे ३ मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी जाडीची असते. लांब मानेच्या टोकाला धातूच्या खुंट्यांनी जड झालेले डोके असते. या रचनेमुळे गिटारला बाहेरून मऊ आवरण घालणे पुरेसे ठरत नाही. मान व डोके यांना आधार देणे आणि पेटीत वाद्य हलू न देणे, ही सुरक्षित वेष्टनाची मुख्य तत्त्वे आहेत.

इजा होण्याची कारणे

वाहतुकीत गिटारला होणाऱ्या गंभीर इजांमध्ये मान व डोके यांच्या सांध्याजवळ होणारा भंग विशेष आढळतो. पेटी उंचावरून पडली की वाद्याचे धड पेटीसह एकदम थांबते. डोके मात्र जडत्वामुळे पुढे जाऊ पाहते आणि हा सर्व ताण मानेच्या सर्वांत बारीक भागावर येतो. त्यामुळे पेटीवर एकही ओरखडा नसताना आतील गिटार मोडलेली असू शकते.

धोक्याचे प्रमाण वाद्याच्या घडणीप्रमाणे बदलते. गिब्सन कंपनीच्या अनेक गिटारींमध्ये डोके मानेशी सुमारे १७ अंशांच्या कोनात मागे झुकलेले असते. मान व डोके लाकडाच्या एकाच तुकड्यातून कापल्यामुळे तेथे लाकडाचे रेषे तुटक होतात आणि सांधा कमजोर राहतो. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर व टेलिकास्टर या गिटारींचे डोके मानेला समांतर असल्याने ते तुलनेने कमी मोडते. शिवाय त्यांची मान स्क्रूने जोडलेली असल्यामुळे ती काढून स्वतंत्रपणे गुंडाळता येते. मिरजेत तयार होणाऱ्या तंबोऱ्यांच्या वाहतुकीत भोपळ्याला तडा जाण्याची भीती मोठी असते. गिटारच्या बाबतीत तीच चिंता मानेची असते.

वेष्टनाची पद्धत

तारा: पोलादी तारांच्या अकूस्टिक गिटारवर तारांचा एकूण ताण सुमारे ७० किलोग्रॅम असतो. धक्का बसल्यास हा ताण मानेवरील भारात भर घालतो. म्हणून पाठवण्यापूर्वी तारा काही स्वर खाली उतरवून सैल करतात. तारा पूर्णपणे काढाव्यात की नाही, याविषयी कारागिरांत मतभेद आहेत. मानेतील लोखंडी सळई तारांच्या ताणाविरुद्ध काम करते, त्यामुळे ताण दीर्घकाळ अजिबात नसल्यास मान मागे वाकू शकते. ज्या गिटारींची घोडी केवळ तारांच्या दाबाने जागेवर राहते, तिच्या तारा काढल्यास घोडी बांधून किंवा वेगळी गुंडाळून ठेवावी लागते.

पेटीतील मांडणी: पट्टा, कॅपो, सुटे पाने व ट्रेमोलोचा दांडा काढून वेगळे ठेवतात, कारण पेटीत सुटी राहिलेली वस्तू आदळून पॉलिशची हानी करते. तारा व पडदे यांच्यामध्ये कागद किंवा पातळ पुठ्ठा सरकवतात. त्यानंतर कठीण पेटीत मानेच्या खाली, डोक्याच्या खाली, वर व दोन्ही बाजूंना कागदाचे बोळे किंवा मऊ कापड भरतात. पेटी बंद करून हलक्या हाताने हलवली असता आतून हालचाल जाणवू नये, ही या टप्प्याची कसोटी मानली जाते. नायट्रोसेल्युलोज लॅकरचे पॉलिश असलेल्या वाद्याला बबल रॅप किंवा फोम थेट लावत नाहीत. काही प्लास्टिकांमुळे या पॉलिशवर डाग पडतात. अशा वाद्याभोवती आधी सुती कापड किंवा साधा कागद गुंडाळला जातो.

बाहेरचे खोके: बंद पेटी पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवतात आणि सर्व बाजूंना किमान ५ सेंटिमीटर भरावासाठी जागा सोडतात. खोके उभे आदळण्याची शक्यता असल्याने दोन्ही टोकांना जास्त भराव देतात. केवळ कापडी पिशवीत ठेवलेली गिटार मालवाहतुकीसाठी असुरक्षित समजली जाते.

तापमान व आर्द्रता

लाकडी गिटारसाठी ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानली जाते. कोकणातील पावसाळी हवेत लाकूड फुगते, तर विदर्भातील उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत ते आकसून फळीला तडा जाऊ शकतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद वाहनात सरस मऊ होऊन घोडी उचलली जाण्याचा धोका असतो. थंड प्रदेशातून आलेली पेटी एकदम उबदार खोलीत उघडल्यास पॉलिशला बारीक भेगा पडतात. त्यामुळे पेटी काही तास, शक्य असल्यास एक दिवस, न उघडता ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

विमानप्रवास

२००८ मध्ये कॅनडातील गायक डेव्ह कॅरोल यांची टेलर गिटार विमानप्रवासात मोडली. भरपाई नाकारली गेल्यावर त्यांनी २००९ मध्ये ‘युनायटेड ब्रेक्स गिटार्स’ हे गाणे प्रसिद्ध केले आणि हा प्रश्न जगभर चर्चेत आला. अमेरिकेत २०१२ च्या कायद्यानुसार, प्रवासी विमानात चढताना जागा उपलब्ध असल्यास गिटारसारखे लहान वाद्य हातातील सामान म्हणून नेता येते. इतरत्र विमान कंपन्यांचे नियम वेगवेगळे असल्याने ते आधी तपासावे लागतात.

खर्च, विमा व कायदेशीर बाबी

हवाई कुरिअरचे शुल्क अनेकदा आकारमानावर ठरते. लांबी, रुंदी व उंची यांच्या सेंटिमीटरमधील गुणाकाराला ५००० ने भागण्याची रीत प्रचलित आहे. त्यानुसार १२० × ५० × २० सेंटिमीटरच्या खोक्याचे वजन, ते प्रत्यक्षात कितीही हलके असले तरी, २४ किलोग्रॅम धरले जाते. वेष्टन अपुरे असल्याचे कारण देऊन विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो. म्हणून पाठवणारा प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे काढून ठेवतो आणि घेणारा खोके उघडतानाची स्थिती टिपतो. नुकसान आढळल्यास मूळ खोके व भराव पाहणी होईपर्यंत जपून ठेवणे आवश्यक असते.

परदेशी पाठवताना लाकडाची जात महत्त्वाची ठरते. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्याने त्यापासून बनवलेल्या गिटारला परवाने लागतात. भारतीय शिसवीसह डाल्बर्जिया प्रजातीतील इतर लाकडे २०१७ मध्ये दुसऱ्या परिशिष्टात आली. मात्र नोव्हेंबर २०१९ पासून त्यांच्या तयार वाद्यांना या अटीतून सूट मिळाली. जुन्या वाद्यांतील हस्तिदंत किंवा कासवाच्या कवचाच्या भागांवरही निर्बंध लागू होतात. असे वाद्य कागदपत्रांविना पाठवल्यास सीमाशुल्क विभाग ते जप्त करू शकतो.

हे सुद्धा पहा

गिटार
तंबोरा
साइट्स करार