तारेखालचें हाड

जुन्या घरांतील तंबोरा किंवा सतार कोणी पाहूं लागला म्हणजे त्याची दृष्टि प्रथम भोपळ्याच्या घेराकडे, दांडीच्या लांबीकडे आणि कडेच्या नक्षीकडे जाते. तारा ज्या दोन लहानशा आधारांवर टेकलेल्या असतात त्यांकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. तबलीवर उभी असते ती घोडी, आणि खुंट्यांच्या अलीकडे दांडीवर बसविलेली असते ती अटी. गिटारमध्यें हेंच काम हाडाच्या दोन पट्ट्या करतात. वादक खालच्या पट्टीस सॅडल व वरच्या पट्टीस नट म्हणतात. या दोहोंच्या मधल्या अंतरांत तार कांपते. वाद्य शंभर वर्षें टिकावें अशी आपली अपेक्षा असते. परंतु त्यांतील झिजण्याचें काम याच दोन अवयवांच्या वांट्यास आलेलें आहे, आणि ते वेळोवेळीं बदलले गेले तरच बाकीचें वाद्य जगतें. त्यांचा इतिहास पाहूं गेल्यास तो कांहीं अंशीं आपल्या रायगडच्या किनाऱ्याचा, कांहीं अंशीं घाटावरील एका गांवाचा, आणि शेवटीं मनुष्याच्या कानाचा इतिहास ठरतो.

प्रथम नांवांचाच विचार करूं. तारांचा भार वाहणाऱ्या या तुकड्यास आपण घोडी म्हणतों. पोर्तुगीज लोक त्याला ‘काव्हालेत’ म्हणतात. त्यांतही घोडाच आहे. फ्रेंचांचा ‘शव्हाले’ त्याच कुळांतला. इराणांत त्याला ‘खरक’, म्हणजे लहानसें गाढव, असें नांव आहे. इंग्रजांना मात्र येथें पूल दिसला. तरी गिटारच्या त्या पुलावर बसणाऱ्या पट्टीस त्यांनींही ‘सॅडल’, म्हणजे खोगीरच, म्हटलें. एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या लोकांस तीच उपमा सुचावी, यावरून या चिमुकल्या अवयवावर केवढें ओझें पडतें हें जुन्या कारागिरांनीं सर्वत्र ओळखलें होतें असें दिसतें.

आपल्याकडे या विषयाची शास्त्रीय चर्चाही फार जुनी आहे. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानें, सिंघणाच्या राज्यांत, शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. त्याच्या वाद्याध्यायांत एकतंत्री वीणेचें वर्णन येतें. तार जेथें टेकते त्या ककुभावर धातूची पत्रिका बसवावी, आणि पत्रिका व तार यांच्या मध्यें वेळूची बारीकशी काडी घालावी, असें तेथें सांगितलें आहे. या काडीस त्यानें ‘जीवा’ म्हटलें आहे. आज तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा दोरा सरकवून आवाज खुलवितात. त्या युक्तीचें हें पूर्वरूप मानण्यास हरकत नाहीं. तार कोठें टेकते एवढेंच पाहून भागत नाहीं, ती कशी टेकते हेंही पाहिलें पाहिजे, हा विचार महाराष्ट्रांत सातशें वर्षांहून अधिक काळ नांदत आला आहे.

आतां पदार्थाकडे वळूं. घोडीच्या माथ्यासाठीं हस्तिदंत, सांबराचें शिंग व उंटाचें हाड हे पदार्थ वापरीत. त्यांतील हस्तिदंत हा श्रेष्ठ गणला जाई. कारण तो कठीण असूनही कानशीला वश होतो. हा हस्तिदंत पुष्कळदां समुद्रावरून येई, आणि येथें आपल्या किनाऱ्याचा संबंध पोंचतो. इ. स. ९१६ च्या सुमारास अरब प्रवासी मसूदी हा सैमूर येथें, म्हणजे अलिबागेजवळच्या आपल्या चौलास, आला होता. त्याच मसूदीनें लिहून ठेविलें आहे कीं, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील झंज देशाचा हस्तिदंत ओमानास जातो आणि तेथून हिंदुस्थान व चीन या देशांस रवाना होतो. हिंदुस्थानांत त्याच्या कट्यारीच्या मुठी व बुद्धिबळांतील मोहरीं करतात. पुढें एकोणिसाव्या शतकांत झांजीबारचा हस्तिदंत मुंबईच्या बाजारांत येऊं लागला. तेव्हां त्या काळच्या एखाद्या सतारीची हस्तिदंती घोडी आफ्रिकेच्या रानांतून निघून दोन समुद्र ओलांडून आलेली असण्याचा पुष्कळ संभव आहे.

याच चौलांत १५२१ मध्यें पोर्तुगीजांनीं किल्ला बांधावयास घेतला. १५९४ मध्यें कुंडलिकेच्या मुखाशीं असलेला कोर्लईचा डोंगरी किल्ला त्यांच्या हातीं आला, आणि १७४० मध्यें हा सारा प्रदेश मराठ्यांकडे गेला. राज्य गेलें, परंतु कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तींत पोर्तुगीजपासून झालेली एक बोली आजही बोलली जाते. पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर त्यांचीं तंतुवाद्येंही पश्चिम किनाऱ्यावर उतरलीं. त्यांतील ‘व्हायोला’ हें वाद्य गिटारचें निकटचें आप्त होय. गोव्यांत चर्चच्या शाळांतून पाश्चात्य संगीताचें शिक्षण रुजलें, आणि त्या शिक्षणांत तयार झालेले गोमंतकीय वादक विसाव्या शतकांत मुंबईच्या वाद्यवृंदांत व चित्रपटसंगीतांत अग्रभागीं बसले. अशा रीतीनें एकाच किनाऱ्यावर दोन जातींच्या घोड्या येऊन ठेपल्या, आणि त्यांचे न्याय परस्परांहून अगदीं निराळे आहेत.

सतारीच्या किंवा तंबोऱ्याच्या घोडीचा माथा पाहणाऱ्यास सपाट भासतो. पण तो सपाट नसतो. तारेच्या दिशेनें त्यास अतिशय सूक्ष्म उतार व गोलाई दिलेली असते. तार कांपूं लागली म्हणजे ती या उतारास पुनःपुन्हां स्पर्श करते, आणि त्या स्पर्शांतून मूळ स्वराभोंवतीं वरच्या स्वरांची जी झालर उमटते तिलाच आपण जवारी म्हणतों. उतार थोडा बदलला कीं खुली जवारी बंद होते. गिटारमध्यें याच्या उलट आहे. तेथें तार पट्टीच्या कडेवर एकाच रेषेंत टेकली पाहिजे; ती माथ्यावर घासूं लागली तर जो आवाज येतो तो दोष समजला जातो. सतारीचें जें भूषण तेंच गिटारचें दूषण! म्हणून एका वाद्याच्या सवयीनें दुसऱ्याची पट्टी घासणारा कारागीर दोहोंचेंही नुकसान करतो.

झीज मात्र दोघींस सारखीच. पोलादाची तार हाडावर रोज घासली जाते व हळूहळू तेथें खांचा पाडते. कोंकणांत याला हवेची जोड मिळते. पावसाळ्याचे चार महिने तबलीचें लाकूड ओल घेतें, सरसाचे सांधे सैल होतात, आणि खाऱ्या वाऱ्यानें तारेस गंज चढतो. गंजलेली तार ही कानशीचें काम करूं लागते. गिटारला पूर्वीं आंतड्याच्या तारा असत. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनच्या तारा आल्या, पोलादी तारांची गिटारही सर्वत्र पसरली, आणि नव्या तारेची जाडी जुन्या खांचेस जुळेनाशी झाली.

मग नवी पट्टी आणून बसविली म्हणजे झालें, असें वाटणें स्वाभाविक आहे. पण खरें काम तेथूनच सुरू होतें. तारेची मोकळी लांबी साधारणतः ६५ सेंटिमीटर असते. तिच्या बरोबर मध्यावर, ३२.५ सेंटिमीटरवर, बारावा पडदा येतो. परंतु बोटानें दाबतांना तार ताणली जाऊन स्वर किंचित् चढतो. म्हणून खालची पट्टी हिशेबाच्या जागेहून थोडी मागें, आणि जाड तारेच्या बाजूस आणखी मागें, बसवावी लागते. वरच्या पट्टीची खांच खोल गेली तर मोकळी तार पहिल्या पडद्यावर खडखडते. उथळ राहिली तर बोटें दुखतात व पहिले स्वर चढे लागतात. हाडाचा तळ आपल्या खोबणींत सर्वांगानें बसला नाहीं तर आवाजाचा कांहीं भाग वाटेंतच मरतो. शिवाय वरच्या पट्टीची नुसती उंची वाढविली तरी वाद्याची जात पालटते. हवाई पद्धतीच्या वादनांत तारा पडद्यांपासून दूर उचलण्यासाठीं हेंच करतात, आणि त्या उचललेल्या तारांवर ब्रिजभूषण काबरा यांनीं आपलें रागसंगीत वाजवून दाखविलें.

सतारीच्या घोडीस असें मोजमाप पुरत नाहीं. तिचे पाय तबलीच्या गोलाईस मिळते करावयाचे, मग माथ्यावर कानस फिरवावयाची, तार चढवून ऐकावयाचें, तार उतरवून पुन्हां घासावयाचें, असा हा क्रम असतो. कानशीचा एक हात अधिक पडला तर मागें जातां येत नाहीं. या विद्येचें आपलें पीठ म्हणजे मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांस धार लावणाऱ्या शिकलगारांचा धंदा ओसरूं लागला, तेव्हां त्यांच्यांतील फरीदसाहेब यांनीं वाद्यनिर्मिति आरंभिली, आणि पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय तिला लाभला. तलवारीची धार जोखणारें बोट जवारीचा उतार जोखूं लागलें. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे मिरजेंत येत व त्यांचे तंबोरे होऊन देशभर जात. उस्ताद अब्दुल करीम खां मिरजेंत येऊन राहिले, आणि १९३७ मध्यें त्यांचें निधन झालें. त्यांच्यासारख्या तंबोरा काटेकोर लावणाऱ्या गवयाचा शेजार कारागिरांच्या कानास केवढा उपकारक झाला असेल, याची कल्पना करतां येते.

गेल्या अर्धशतकांत या धंद्याखालचा पदार्थच बदलला. १९७२ मध्यें वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. १९८६ व १९९१ च्या दुरुस्त्यांनीं प्रथम देशी व मग आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद केला. सांबराच्या शिंगाचीही वाट कायद्यानें बंद झाली. हें योग्यच झालें. वाद्याच्या गोडव्यासाठीं हत्तीचा जीव घेण्याचा अधिकार संगीतास नाहीं. आज उंटाचें हाड, शिसवासारखें काळें कठीण लाकूड आणि कृत्रिम पदार्थ यांवर काम भागतें, आणि कुशल हातीं तें चांगलें भागतें. यावरून एक गोष्ट सिद्ध झाली कीं, घोडीचें मोल पदार्थांत जेवढें आहे त्याहून फार अधिक तें बसविणाऱ्यांत आहे.

आणि चिंता आहे ती नेमकी येथेंच. तयार घोड्या व पट्ट्या आज थोड्या पैशांत घरपोंच मिळतात. त्या बसविणारा मिळत नाहीं. अलिबाग, रेवदंडा, मुरुडकडील एखाद्या घरांतील तंबोरा दुरुस्तीसाठीं घाट चढून मिरजेस न्यावा लागतो; तो त्रास टाळण्याकडे मनाचा कल होतो, आणि तंबोरा खुंटीवर लटकलेला राहतो. तेवढ्यापुरतें काम यंत्राच्या तंबोऱ्यानें भागतें. इकडे दुरुस्तीचें काम कमी झालें म्हणजे कारागिराचा मुलगा दुसरा धंदा पाहतो. २०२४ मध्यें मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें, हें आनंदाचें आहे. त्यानें नांवाचें रक्षण होईल. परंतु विद्येचें रक्षण गिऱ्हाइकावांचून होत नाहीं.

म्हणून ज्यांच्या घरीं असें वाद्य आहे त्यांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें. पावसाळ्यापूर्वीं तारा थोड्या उतरवाव्या व वाद्य भिंतीपासून दूर ठेवावें. जुनी घोडी झिजली म्हणून टाकून देऊं नये; तिचे पाय त्या तबलीशीं जुळलेले असतात, आणि कारागिरास तिच्या मापावरून पुष्कळ समजतें. वर्षा-दोन वर्षांनीं जवारी काढून घ्यावी, आणि ती निघत असतां घरच्या मुलांनीं जवळ बसावें. कानस चार वेळां फिरते, तार पुन्हां चढते, आणि इतके दिवस बसलेला आवाज एकदम उघडतो. तो क्षण ज्या मुलानें ऐकला त्यास घोडी म्हणजे काय हें वेगळें सांगावें लागणार नाहीं.