महायुद्धकाळातील गिरणगाव व आपल्या कामकरी स्त्रिया

ज्ञातीचा इतिहास लिहावयाचा म्हटले, की मूळ गावे, कुलदैवते, आडनावे आणि मुंबईस येऊन नावलौकिक मिळविलेले पुरुष यांची माहिती प्रथम पुढे येते, व ती येणे योग्यच आहे. परंतु कोकणातून आलेल्या आपल्या कित्येक कुटुंबांचा मुंबईतील संसार ज्या स्त्रियांच्या गिरणीतील कमाईवर टिकला, त्यांच्याविषयी आपण फारसे लिहिलेले नाही. म्हणून १९३९ ते १९४५ या दुसऱ्या महायुद्धाच्या काळापुरता त्यांच्या नित्य जीवनाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. हाच काळ निवडण्यास कारण आहे. या सहा वर्षांत मुंबईच्या गिरण्यांची जेवढी भरभराट झाली तेवढी क्वचितच झाली असेल. आणि त्याच वर्षांत गिरणीतील स्त्रीची जागा मात्र अरुंद होत गेली.

लालबाग, परळ, डिलाईल रोड, वरळी, प्रभादेवी, नायगाव या भागांतील गिरण्यांत युद्धकाळी दोन लाखांहून अधिक माणसे राबत होती. स्त्रियांची कामे ठरलेली असत. सूत कांडीवरून मोठ्या बाबिणीवर घेण्याचे वाइंडिंग खाते, लडी करण्याचे रीळ खाते, रुईतील कचरा निवडणे आणि झाडलोट, एवढ्यांतच बहुतेकींचा समावेश होई. वाइंडिंगचे काम अंगावर असे, म्हणजे जेवढे सूत उतरेल तेवढा पगार. तार तुटली की क्षणात गाठ मारून पुढे जावयाचे. सूत कच्चे आले तर गाठी वाढत आणि पगार घटे. कामावर लावणारी व काढणारी नायकीण असे, आणि तिची मर्जी राखण्यासाठी काय काय करावे लागे, हे जुन्या मंडळींना सांगावयास नकोच.

युद्धाच्या मागणीमुळे गिरण्या रात्रंदिवस चालू लागल्या. खाकी कापड, तंबूंचे कापड, लष्कराला लागणारे नाना प्रकारचे कापड यांची गरज संपत नव्हती. विलायतेत १९४१ च्या डिसेंबरात कायदा करून वीस ते तीस वर्षांच्या अविवाहित स्त्रियांनाही युद्धसेवेसाठी बोलाविण्यात आले. मुंबईत याच्या उलट घडले. १९३४ च्या फॅक्टरी कायद्याने स्त्रियांना सामान्यतः रात्री सातपासून पहाटे सहापर्यंत कामावर ठेवण्यास बंदी होती. हा नियम स्त्रियांच्या हितासाठी होता, आणि त्यात हित होतेही. परंतु नव्याने निर्माण झालेले काम बरेचसे रातपाळीचे होते, व ते पुरुषांकडे गेले. १९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत पाचांत सुमारे एक स्त्री होती. महायुद्ध संपेपर्यंत हे प्रमाण सात-आठांत एकावर आले. रक्षणासाठी घातलेले कुंपणच अशा रीतीने अडसर ठरले. त्या नियमाचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याची किंमत कोणी भरली याची नोंद राहावी.

दिवसपाळीवरील स्त्रीचा दिवस भोंग्यापूर्वीच सुरू होई. चाळीतील सामाईक नळावर पाण्याची रांग, मग चूल, मुलांची व्यवस्था, भाकरी फडक्यात बांधून गिरणीच्या दरवाज्याकडे धाव. उशीर झाला तर खाडा. संध्याकाळी परतल्यावर पुन्हा चूल. पुष्कळ घरांत नवऱ्याची रातपाळी आणि बायकोची दिवसपाळी असे. मग एकाच खोलीत एकाचे निजणे आणि दुसऱ्याचे जागणे सांभाळून संसार चाले. ज्यांना गिरणीत काम मिळेना, त्यांतील काहींनी गाववाल्या पुरुषांसाठी खानावळी घातल्या. रातपाळीच्या माणसांना वेळी-अवेळी जेवण लागे, त्यामुळे त्या बायांच्या चुलीला विसावा नसे. गिरणीत त्या काळी पाण्याचे माठही जातीजातींचे निराळे असत, हेही येथे लिहिले पाहिजे. त्या माठांवर आपला हक्क सांगणाऱ्यांत आपलेही लोक होते.

युद्ध सुरू होताच महागाई आली. १९४० च्या मार्चमध्ये महागाई भत्त्यासाठी मुंबईच्या गिरणी कामगारांनी संप केला, तो सुमारे चाळीस दिवस चालला. एवढे दिवस बिनपगारी घर चालविणे म्हणजे काय, हे घरातील स्त्रीलाच ठाऊक. वाण्याची उधारी, पठाणाचे व्याज आणि अंगावरचा एखादा दागिना, यांवर ते दिवस निघत. पुढे भत्ता राहणीच्या खर्चाच्या निर्देशांकाशी जोडला गेला व युद्ध लांबले तसा तो पगाराचा मोठा भाग बनला.

१९४२ च्या आरंभी जपानची धास्ती पसरली. एप्रिलात विशाखापट्टणम व काकिनाडा येथे बाँब पडल्यावर ती आणखी वाढली. दिव्यांवर काळे कागद चढले, आणि मुंबई सोडून गावी जाणाऱ्यांची रीघ लागली. पण ज्या घरात बाई कामावर होती तेथे प्रश्न सोपा नव्हता, कारण गावी गेले तर जागा दुसरीला मिळे. शिवाय गावी तरी खावयाचे काय? ब्रह्मदेश शत्रूच्या हाती गेल्याने तेथला तांदूळ येणे थांबले होते, आणि आपली कोकणपट्टी तर भातावर जगणारी. पुष्कळ बायांनी मुलांना सासूजवळ धाडले व आपण मुंबईतच राहिल्या.

मुंबईत २ मे १९४३ रोजी धान्याचे रेशनिंग सुरू झाले. त्यापूर्वीच्या महिन्यांतील हाल अधिक होते. रेशनने निदान भाव व वाटा निश्चित केला, हे मान्य केले पाहिजे. पण रांग काही चुकली नाही. ती उभी करावयाची कोणी? दिवसपाळीची बाई कामावर असताना दुकान उघडे असे, म्हणून मुलीला शाळेतून काढून पिशवी घेऊन उभे करण्यात येई. आपल्या आजच्या आज्यांपैकी काहींचे शिक्षण दुसऱ्या-तिसऱ्या इयत्तेत का थांबले, याचे एक कारण त्या रांगेत सापडेल. वाट्याला येणारे धान्यही नेहमी सवयीचे नसे. भाताच्या घरांत ज्वारी-बाजरी आली. भाकरी थापावयास न शिकलेल्या कोकणी बायांना ती घाटावरच्या शेजारणींनी शिकविली. त्यातच सुट्ट्या नाण्यांची टंचाई. पितळ-तांबे युद्धाकडे वळल्याने १९४३ पासून मधोमध भोक असलेला हलका पैसा निघाला. तो दोऱ्यात ओवून ठेवता येई, एवढीच त्याची सोय.

सर्वांत विचित्र गोष्ट कापडाची. १९४३ च्या नियंत्रण हुकुमानंतर कापडावर किमतीचे शिक्के मारण्यात येऊ लागले, व गरिबांसाठी स्टँडर्ड कापड निघाले. तथापि दिवसभर सुताच्या राशी हाताखालून घालविणाऱ्या बाईला नऊवारी लुगडे मिळण्याची पंचाईत पडे. एकाचे दोन करून नेसणे आणि जुन्यास ठिगळ लावणे हे गिरणगावातच चालले होते, जेथे भिंतीपलीकडे कापडाचे तागे निघत होते.

१४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या बोटीवरील दारूगोळ्याचे स्फोट झाले. त्या बोटीत कापसाचे गठ्ठेही होते. शेकडो माणसे मेली, मांडवीकडील वस्ती जळाली, आणि साठविलेले धान्यही खाक झाले. गोदीत काम करणारे आप्त घरी परतेपर्यंत चाळीचाळींतून ती रात्र कशी गेली असेल, याची कल्पनाच करावी.

मुलांचा विषय सोडता येत नाही. १९२९ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने बाळंतपणासाठी शहरात दररोज आठ आणे भत्ता ठरला होता. परंतु भाव चढत गेले तसे त्या आठ आण्यांत येणारे तांदूळ कमी झाले. काही गिरण्यांत पाळणाघरे होती. ज्यांना ती सोय नव्हती त्यांपैकी पुष्कळजणी तान्ह्याला अफूची बाळगोळी देऊन शेजारणीपाशी निजवून जात. ही चाल महायुद्धापूर्वीपासूनची. तिला नावे ठेवणे सोपे आहे. दुसरा मार्ग कोणता होता, ते सांगणे अवघड.

युद्धोत्तर काळात स्त्रियांची संख्या घटतच गेली. नवी यंत्रे आली तेव्हा प्रथम कमी झाली ती त्यांचीच खाती. १९८२ च्या संपानंतर तर गिरण्याच एकामागून एक बंद पडल्या. ज्या घरी त्या काळचे रेशनकार्ड, गिरणीचा बिल्ला, पगाराची चिठ्ठी अथवा एखादे छायाचित्र जपून ठेवलेले असेल, त्यांनी ते आमच्या मंडळास पाहावयास द्यावे. नक्कल करून मूळ वस्तू परत करण्यात येईल. आणि ज्या वृद्ध भगिनींना त्या दिवसांचे काही आठवत असेल त्यांच्याकडून ते लिहून घेण्याचे काम घरच्या मुलींनी करावे, व लिहिताना नाव आजोबांचे न घालता आजीचेच घालावे.