आपल्या गल्लीत कोणतं झाड? अशोकाच्या वडापासून आमच्या पडलेल्या गुलमोहरापर्यंत

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात माझ्या स्कूटरपासून करतो.

गेल्या वर्षी, मान्सून यायच्या आधी जो वादळी पाऊस येतो ना, त्या रात्री आमच्या सोसायटीसमोरचा गुलमोहर पडला. मी ऑफिसच्या कॉलवर होतो. दाणकन आवाज झाला, लाइट गेले. खाली जाऊन बघतो तर झाड आडवं आणि माझी स्कूटर त्याच्याखाली. कोणाला लागलं नाही, हे नशीब. सकाळी उजेडात मुळं बघितली. एका बाजूची सगळी मुळं सरळ रेषेत कापलेली होती, कारण कधीतरी केबलसाठी तिथे चर खणला होता. दुसऱ्या बाजूला पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडलेले.

मग सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा सुरू. एक गट म्हणाला, पुन्हा गुलमोहरच लावू. दुसरा म्हणाला, अशोक लावा, सरळ वाढतो आणि कचरा नाही. तिसरा म्हणाला, झाडच नको, दोन गाड्यांचं पार्किंग होईल. सगळ्यात जास्त अंगठे तिसऱ्या मेसेजला मिळाले.

मला प्रश्न पडला, रस्त्यावर कोणतं झाड लावायचं हे आजवर ठरवलं कोणी? आणि कशावरून?

या प्रश्नाचं आपल्याकडचं एक फार जुनं लेखी उत्तर दिल्लीत उभं आहे, फिरोजशाह कोटल्यात. तिथला अशोकस्तंभ मूळचा आजच्या हरियाणातल्या टोपऱ्याचा. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने तो दिल्लीला आणवला. त्यावर सम्राट अशोकाचा सातवा स्तंभलेख आहे, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. त्यात अशोक सांगतो की माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून मी रस्त्यांवर वड लावले, आमराया केल्या, विहिरी खणल्या. वडासाठी तिथे 'निगोह' असा प्राकृत शब्द आहे.

आता गंमत बघा. राजाने नुसतं 'झाडं लावली' असं नाही लिहिलं. झाडाचं नाव दिलं, आणि ते कोणासाठी हेही सांगितलं. प्रश्न होता उन्हात चालणाऱ्या वाटसरूचा आणि बैलांचा. उत्तर होतं वड. पसारा मोठा, सावली गडद, आयुष्य शेकडो वर्षांचं, आणि जाड फांदी नीट रोवली तरी फुटते. मोकळ्या रस्त्यासाठी याहून चांगलं काय असणार? पण तोच वड आमच्या सहा मीटरच्या गल्लीत लावला तर पंचवीस-तीस वर्षांत कंपाउंडची भिंत त्याच्या ताब्यात जाईल.

म्हणजे झाड चांगलं की वाईट हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठे आणि कोणासाठी, हे आधी विचारायला हवं.

(आणि आमच्या ग्रुपवरचा 'अशोक'? त्याचा सम्राटाशी संबंध नाहीच, खऱ्या सीता अशोकाशीही नाही. तो उंच, खांबासारखा आसुपालव. जागा कमी घेतो म्हणून आवडतो, पण त्याच्या सावलीत एक स्कूटरसुद्धा धड मावत नाही.)

पुढचा थांबा बडोदा. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये गुस्टाव्ह क्रुम्बिगल नावाच्या जर्मन उद्यानतज्ज्ञाला संस्थानात आणलं. लंडनच्या क्यू गार्डनमध्ये काम केलेला माणूस. १९०८ मध्ये तो म्हैसूर संस्थानात गेला आणि बंगळुरूचं लालबाग सांभाळू लागला. त्याने रस्त्यांसाठी वेगळाच प्रश्न विचारला. वर्षाच्या प्रत्येक काळात शहरात कुठे ना कुठे काहीतरी फुललेलं असेल, अशी झाडं निवडता येतील का? आज मार्च-एप्रिलमध्ये बंगळुरूच्या फुलांचे फोटो तुमच्या फीडवर येतात ना, त्या शहराची ही जुनी सवय आहे.

त्याच सुमारास दिल्लीत वेगळा हिशोब चालला होता. १९११ मध्ये राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला न्यायची घोषणा झाली आणि नवी दिल्ली आखली जाऊ लागली. तिथे रुंद रस्त्याला शोभेल असा आकार आणि उंची हवी होती, आणि झाड वर्षातला फारसा काळ उघडंबोडकं दिसायला नको होतं. म्हणून जांभूळ, कडुनिंब, अर्जुन, चिंच अशी झाडं आली. जनपथावर अर्जुनाच्या रांगा अजून दिसतात. जांभळाची गोष्ट तर भारी आहे. सावली उत्तम, पण पावसाळा आला की फळं पडून रस्ता जांभळा आणि निसरडा. त्यावर तिथल्या पालिकेने वाट काढली. फळं उतरवण्याच्या हक्काचा लिलाव होतो आणि तीच जांभळं फूटपाथवर विकायला येतात.

मग आपल्या शहरांत हे गुलमोहर कुठून आले? गुलमोहर मूळचा मादागास्करचा. वेन्झेल बोयर या वनस्पतिशास्त्रज्ञाला तो तिथे १८२०च्या दशकात आढळला आणि त्याच शतकात तो भारतात पोहोचला. मोठी छत्री धरणारा पर्जन्यवृक्ष मध्य आणि दक्षिण अमेरिकेचा. या दोघांचा गुण एकच, पटकन वाढतात. रस्ते झपाट्याने वाढणाऱ्या शहराला तेच हवं होतं, आणि हळूहळू ही झाडं आपली 'डिफॉल्ट सेटिंग' झाली. त्यांच्यावर माझा राग नाही. साताऱ्यात तर १ मे ला 'गुलमोहर दिवस' साजरा होतो. पण गुलमोहराचं लाकूड ठिसूळ असतं आणि मुळं उथळ पसरतात. मैदानाच्या कडेला तो राजा असतो. दोन्हीकडून मुळं कापलेल्या अरुंद गल्लीत तोच धोका बनतो.

डिफॉल्टचा दुसरा धोका जास्त मोठा आहे. २०१०च्या दशकात मुंबईत कितीतरी पर्जन्यवृक्ष वाळून गेले. पिठ्या ढेकणाचा प्रादुर्भाव, शिवाय बुंध्याभोवतीचं काँक्रीट. एकाच जातीची रांग असली की कीड एका झाडावरून दुसऱ्यावर आरामात चालत जाते.

अमेरिकेने हे आधीच भोगलंय. तिथल्या शहरांत घरांपुढच्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंनी एल्म नावाचं झाड असायचं, वर फांद्यांची कमान व्हायची. १९३०च्या सुमारास बाहेरून आलेल्या लाकडातून एक बुरशी पोहोचली आणि सालीतल्या भुंगेऱ्यांनी ती पसरवली. पुढच्या काही दशकांत कोट्यवधी झाडं गेली, गल्ल्याच्या गल्ल्या बोडक्या झाल्या. यातून शिकून फ्रँक सँटामोर या शास्त्रज्ञाने १९९० मध्ये एक साधा नियम मांडला. शहरातल्या एकूण झाडांत एका जातीची १० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, एका प्रजातीगटाची २० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत आणि एका कुळाची ३० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळा डेटा एकाच सर्व्हरवर ठेवू नका.

हे सगळं डोक्यात घेऊन मी सोसायटीच्या मीटिंगला गेलो. पहिल्या मजल्यावरचे काका सगळा वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "अरे, तो गुलमोहर मीच लावला होता, १९८७ साली. तेव्हा समोर मोकळं मैदान होतं. ना वायर, ना गटार, ना तुमच्या गाड्या. पोरांना खेळायला सावली हवी होती, तीही लवकर."

काकांनी निवडलेलं झाड चुकीचं नव्हतं. त्यांच्या गल्लीला ते बरोबर होतं. नंतर आम्ही गल्ली बदलली आणि झाडाला मात्र जागेवरच ठेवलं.

मग आम्ही चार प्रश्न फळ्यावर लिहिले. वर वायर आहे का? मुळांना खाली किती माती मिळणार? झाड पूर्ण वाढल्यावर केवढं होणार? आणि पहिली तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी कोण घालणार? त्यावरून यादी निघाली. वायरखाली ताम्हण, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचं राज्यफूल, आणि बहावा. ही दोन्ही मध्यम उंचीची. वायर नाही त्या बाजूला करंज, कारण सावली दाट आणि झाड काटक. गेटपाशी बकुळ. तो फार हळू वाढतो, पण पानं बारा महिने. बुंध्याभोवती चारी बाजूंनी एक मीटर उघडी माती ठेवायची, पेव्हर नाही. दिल्लीत २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने झाडांभोवतीचं एवढंच काँक्रीट काढायला सांगितलं होतं.

पार्किंगवाल्यांनी शेवटपर्यंत विरोध केला. मतदान झालं, अकरा विरुद्ध आठ. झाडं जिंकली, पण जेमतेम. महापालिकेच्या उद्यान विभागाला अर्ज दिला आणि जुलैमध्ये पाच रोपं लावली. ताम्हण आता माझ्या कमरेएवढं आहे. शनिवारी पाणी घालायची पाळी माझी असते आणि काका गॅलरीतून लक्ष ठेवून असतात.

एक शेवटचं. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे आणि त्याखाली वृक्ष प्राधिकरण असतं. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. पण मुळं कापणारा चर खणला जातो तेव्हा सहसा कोणी विचारत नाही. तुमच्या गल्लीत खोदकाम दिसलं तर खाली उतरून विचारा. आम्ही विचारलं असतं, तर कदाचित गुलमोहर आज उभा असता.

तुमच्या दारासमोर कोणतं झाड आहे आणि ते कोणी लावलं, हे घरातल्या मोठ्यांना विचारून मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवेन. भेटूया!